मांडीवर ठेवलेले हात

देवाचा अनुभव सांगायचा म्हणजे लोक हात जोडून सुरुवात करतात. मी भांडणापासून करते, कारण माझा अनुभव भांडणातूनच आला. माझं भांडण जोतिबाशी होतं, नणंदेशी होतं, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी होतं. आणि "नवऱ्याची सेवा करताय, केवढं पुण्य लागेल तुम्हाला" असं म्हणून, चहा पिऊन, चप्पल घालून निघून जाणाऱ्या सगळ्या जगाशी होतं. एवढं पुण्य साठलंय तर निम्मं कुणीतरी घेऊन जा की, असं तोंडावर यायचं. पण पुण्याची नुसती तारीफ होते, ते वाटून घ्यायला कुणी पुढं येत नाही, हे मी चांगलं शिकले होते.

आम्ही कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतले. लिंगायत घर, जनावरांच्या पेंडीचं दुकान. माझे मालक अंगानं दांडगे. पेंडीचं पोतं पाठीवर न घेता नुसतं कवेत धरून फळीवर ठेवायचे. पेठेत फुटबॉलची मॅच असली की दुकानाला कुलूप, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी असू दे. एके दिवशी दुकानात बसल्या बसल्या त्यांचं तोंड वाकडं झालं आणि उजवं अंग गेलं. वाचाही गेली. राहिला तो एकच शब्द, "ए". पाणी हवं तरी "ए", कूस बदलायची तरी "ए", राग आला तरी "ए". कुठला "ए" कशाचा, हे फक्त मला कळायचं. दुकान पुतण्या बघू लागला. एकुलती मुलगी निपाणीला नांदते, तिच्या मागं लहान पोरं आणि म्हातारे सासू-सासरे. ती येते, दोन दिवस राबते आणि जाताना रडते. तिला मी काय बोलणार?

त्यातल्या त्यात देवानं एक बरं केलं, असं मी सुरुवातीला म्हणायचे. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, आणि ह्यांचा डावा हात शाबूत होता. सकाळी अंघोळ झाली की ते लिंग तळहातावर घ्यायचे, मी पाणी घालायचे, भस्म लावायचे. त्यांच्या उजव्या हाताचं काम माझा हात करायचा. त्या पूजेत मला समाधान होतं, हे खोटं नाही. पण पूजेआधी अंघोळ असते आणि अंघोळीआधी तो एवढा मोठा देह उचलायचा असतो. कुशीवर वळवायचा, ओढून बसवायचा, खुर्चीत घ्यायचा, परत कॉटवर टाकायचा. माणसाच्या अंगात जेवढं वजन असतं त्याच्या दुप्पट ते लुळं पडल्यावर होतं, हे ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक.

असं दोन-तीन वर्षं उचलून उचलून माझं अंग खाली उतरू लागलं. बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. पुरुषांसाठी सांगते, गर्भाशय आपली जागा सोडून खाली सरकतं, उभं राहिलं की बाहेर येऊ बघतं, बसलं की टोचतं. हे कुणाला सांगायचं? मुलीला सांगितलं तर ती तिकडं झुरणार. नणंदेला सांगितलं तर ती म्हणणार, आमच्या आयांनी नाही का काढलं. मी कपड्याची घडी लावून, पदर घट्ट खोचून काम करत राहिले.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या ओलांडल्या की दवाखाना. म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो काढला आणि आता त्यांची सून चालवते. एका सकाळी ह्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून घ्यायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि तुमचं काय?"

"माझं काय?"

"तुम्ही बाहेर बाकाच्या कडेवर बसला होता, एका बाजूला रेलून. मी आतून बघत होते. किती दिवस असं बसताय?"

मला असा राग आला म्हणता. गोळ्या घ्यायला आलेल्या माणसाचं बसणं कशाला बघायचं? पण त्यांनी पडद्याआड नेलंच, तपासलंच, आणि हात धुताना सरळ सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

मी हसले. "आणि आमच्या मालकांना कोण उचलणार? तुम्ही?"

"मी नाही. पण बुधवारी दुपारी इथं या. पेशंटला आणायचं नाही. तुम्ही या."

बुधवारी दुपारी दवाखाना बंद असतो. तेव्हा घरात आजारी माणूस सांभाळणारे लोक तिथं जमतात, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं भजन असेल, नाहीतर कुणीतरी मन शांत कसं ठेवावं यावर बोलणार असेल. माझं मन शांत नव्हतं आणि ते शांत करून घ्यायला मला सवडही नव्हती. "ज्याला बुधवारी दुपारी यायला जमतं त्याच्या घरी आजारी माणूस नसतंय, डॉक्टर," असं सुनावून मी बाहेर पडले. वर आणखी त्या बाकावर, मुद्दाम, मधोमध बसून दाखवलं. दुखलं खूप, पण बसले.

आता नणंदेचं सांगते. ह्यांच्या थोरल्या बहिणीला आम्ही आक्का म्हणतो, आणि त्या ह्या धाकट्या भावाला लाडानं दादा म्हणतात. त्या कोडोलीला दिलेल्या. भाऊ आजारी पडला तेव्हा त्यांनी जोतिबाला नवस बोलला. काय बोलला? "माझा दादा चालू लागू दे, आमची वहिनी तुझे खेटे घालील." म्हणजे तोंड आक्कांचं आणि पाय माझे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, माघातल्या रविवारी आमच्याकडचे लोक पहाटेच उठून अनवाणी जोतिबाच्या डोंगराला चालत जातात. वडणग्यावरून, निगव्यावरून, कुशिऱ्यावरून वाट जाते. असे लागोपाठ पाच रविवार. त्याला खेटे म्हणतात. एकही रविवार चुकवायचा नाही. नवस फळल्यावर फेडायचा असतो हे खरं, पण दादा काही चालू लागेना, तेव्हा आक्कांनी हिशोब उलटा केला. आधी खेटे घातलेस तर देव ऐकेल, म्हणू लागल्या. घरात उचलायला दुसरं माणूस नसल्यामुळं मला जाता आलं नाही, तर तेच कारण झालं. दादा बरा का होत नाही? वहिनीनं खेटे घातले नाहीत म्हणून. हे मी दरवर्षी माघात ऐकायचे आणि पुढं श्रावणापर्यंत पुरवून पुरवून ऐकायचे.

त्या वर्षी आक्का म्हणाल्या, "मी बसतो दादापाशी, तू जा. आपरेशन-बिपरेशन काय बी लागत न्हाय. देवाचं फेडलंस की समदं ठिकाणावर येतंय." ऑपरेशनचं मी त्यांना सांगितलं होतं, हीच चूक झाली. पण खरं सांगू का, मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटलं की बघू या. देवाची परीक्षा घ्यावी असं वाटलं. चालून तर दाखवू, मग बघू तो काय करतो.

पहिला रविवार कसाबसा झाला. दुसरा रविवार मी डोळ्यांत पाणी आणून पुरा केला. तिसऱ्या रविवारी कुशिऱ्याच्या पुढं चढ लागला आणि माझं अंग पार उतरलं. मांड्या घासून सोलवटल्या होत्या. पोटाला हात धरून मी वर बघितलं तर शिखर दिसत होतं, अगदी हाताच्या अंतरावर. आजूबाजूला माणसांचा पूर चाललेला, म्हाताऱ्या बायका सुद्धा टाळ्या वाजवत चढत होत्या, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" मी एका दगडावर टेकले आणि देवाशी बोलले. तोंडानं बोलले, मनात नाही. म्हणाले, "तुला खेटे पाहिजेत, आक्कांना नवस पाहिजे, ह्यांना मी पाहिजे. मला काय पाहिजे हे विचारणारा ह्या डोंगरावर एक तरी आहे का? असला तर सांग, नसला तर मी चालले." माणसं माझ्या बाजूनं वर चढत राहिली. मी उठले आणि खाली चालू लागले.

खेट्याच्या वाटेवर, देवाचं दर्शन न घेता, गर्दीच्या उलट कुणी खाली जात नाही. लोक बघायला लागले. गुलालानं माखलेला एक तरणा गडी ओरडला, "ओ मावशी, देव वर हाय, खाली न्हवं!"

"ठाऊक हाय रं. त्यालाच सांगून चाललोय," मी म्हणाले.

मला भीती वाटायला पाहिजे होती. आमच्या घरात अर्धा सोडलेला नवस म्हणजे घरावर संकट ओढवून घेणं. पण मला भीती वाटत नव्हती, मला फक्त दुखत होतं आणि संताप येत होता. थोडं उतरल्यावर कळलं की कुणीतरी माझ्या मागं मागं येतंय. माझ्याच वयाची, ठेंगणी, दर्शन घेऊन परतलेली बाई होती, भांगापासून पावलापर्यंत गुलाल. बराच वेळ ती नुसती चालली, मग जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, पाय दुखत न्हाईत तुमचं. अंग उतरतंय न्हवं?"

इतक्या दिवसांत हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. मी खेकसले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या चालीनं. मी बी असंच चालत हुतो. चला, हिकडं या."

तिनं मला वाटेच्या बाजूला झुडपांच्या आडोशाला नेलं, आपली शाल जमिनीवर अंथरली, आडवं केलं आणि माझे पाय उचलून दगडावर ठेवले. जरा वेळ असंच पडा म्हणाली आणि स्वतः पाठमोरी उभी राहिली, कुणी बघू नये म्हणून. मी आभाळाकडं बघत पडले. दुखणं हळूहळू ओसरलं. माझे पाय कुणीतरी उचलले होते. एवढ्या वर्षांत उचलायचं काम माझं होतं, आणि त्या दिवशी कुणीतरी माझे पाय उचलले. मी तिथं रडले, आणि ती बाई वळून बघायला आली नाही, हे तिचे उपकार.

मग तिनं वडाप थांबवली. जीपमध्ये माणसं कोंबून भरलेली, तरी ड्रायव्हरला दम देऊन मला पुढची जागा मिळवून दिली आणि स्वतः मागं लोंबकळत उभी राहिली. तिचं नाव शालन. फुटबॉलवाल्या पोरांच्या जर्श्या शिवायचं तिचं काम. गेल्या साली तिचंही हेच ऑपरेशन झालं होतं. घरी अंथरुणाला खिळलेला सासरा होता. "मग त्याचं कुणी केलं?" मी विचारलं.

"आमच्या बुधवारवाल्यांनी. शिवाजी पेठेत डॉक्टरीणबाईंचा दवाखाना हाय बगा, तितं जमतो आमी."

अंगावर काटा आला असं लिहिलं तर खोटं होईल. मला राग आला. ज्या दाराला मी पाठ फिरवून आले होते तेच दार डोंगर चढून माझ्या मागं आलं होतं. आता कुणी म्हणेल यात चमत्कार कसला, खेट्याच्या दिवशी निम्मी पेठ डोंगरावर असते, त्यात एक बाई भेटली. खरं आहे. मी वाद घालत नाही. मी फक्त एवढंच सांगते की मी डोंगरावर एक प्रश्न विचारला होता आणि खाली येईपर्यंत एकीनं तो ऐकल्यागत माझी विचारपूस केली.

घरी आक्कांना मी अर्ध्यातून परतल्याचं सांगितलं नाही, आणि त्या संध्याकाळी कोडोलीला गेल्या. बुधवारी जायचं तर ह्यांच्यापाशी कोण, हा प्रश्न होताच. शालन म्हणाली, "मी येतो घरी, तू जा." ती आली, ह्यांच्या उशाला बसून जर्सीवर नंबर शिवत बसली. मी उंबरा ओलांडते न ओलांडते तोच "ए" सुरू झालं. गल्लीच्या टोकापर्यंत मला ते ऐकू येत होतं, आणि त्यावर शालनचा आवाज, "ए काय, ए? मला शालन म्हनत्यात."

दवाखान्याचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. रोजच्याच बाकांवर सहा-सात माणसं बसलेली, चहाचे कप हातात. भजन नव्हतं. डॉक्टरीणबाई एकेकाचं ब्लडप्रेशर बघत होत्या, पेशंटचं नव्हे, त्यांचं स्वतःचं. कुणाची साखर वाढली होती, त्याला रागवत होत्या. व्यायाम शिकवणाऱ्या एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी तांदळाचं पोतं कॉटवर आडवं टाकून चादरीनं माणूस कसा वळवायचा ते दाखवलं, म्हणजे कंबर धरत नाही. झोपून झोपून पाठ सोलवटू नये म्हणून हवेची गादी मिळते, ती बुधवारवाल्यांकडं एक होती आणि गरज असेल त्या घरी फिरत होती. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बोला, ह्या आठवड्यात कोणी कोणाला शिव्या घातल्या?"

मी बघतच राहिले. एक टकलावलेला, आडव्या अंगाचा माणूस म्हणाला, "मी आईला. मोठ्यानं. मग मोरीत जाऊन रडलो." हे बापू. एसटीचे ड्रायव्हर होते, आता घरी. त्यांच्या आईला काही आठवत नाही, पोटच्या मुलाला ती चोर समजते. कुणी त्यांना उपदेश केला नाही. नुसत्या माना हलल्या. मग माझ्याकडं वळले सगळे, तर माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी जोतिबाला."

मग बापू म्हणाले, "बरं केलंसा. त्यो ऐकून तरी घेतोय. आमची आई ऐकून बी घेत न्हाय." आणि मी हसले, पोट धरून हसले, इतकं की अंग दुखलं.

ऑपरेशनची गोष्ट तिथंच ठरली. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या दवाखान्यातल्या त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. सकाळची अंघोळ बापू घालणार, तेवढ्या वेळात त्यांच्या आईपाशी बुधवारवाल्यांपैकी एक बाई बसणार आणि शालन आमच्या घरचं बघणार. दुपारी आणखी एक बाई. रात्रीला पुतण्याला जुंपायचं काम डॉक्टरीणबाईंनी स्वतःकडं घेतलं आणि एका फोनमध्ये केलं, जे मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. पण त्यांची एक अट होती. ऑपरेशनच्या आधी काही दिवस बापू रोज घरी येतील, आणि तेव्हा मी दाराशी खुर्ची टाकून, हात मांडीवर ठेवून बसायचं. उठायचं नाही आणि बोलायचं नाही. बुधवारवाल्यांची ही रीतच आहे. आजारी माणसाला नव्या हाताची सवय लागावी आणि जुन्या हाताला गप्प राहायची.

लोक म्हणतात शरण जाणं सोपं असतं. त्यांनी कधी त्या खुर्चीत बसून बघावं. पहिल्या सकाळी बापूंनी ह्यांच्या खांद्याखाली हात घातला आणि ह्यांनी डाव्या हातानं त्यांच्या कानशिलावर मारली. बापूंनी कान चोळला आणि म्हणाले, "गोलकीपर हुता काय? हात भारी हाय." ह्यांनी माझ्याकडं बघून "ए" केलं. तसला "ए" मी कधी ऐकला नव्हता. हात मला न विचारता उठले, मी अर्धी उभी राहिले.

"वैनी, खाली बसा," बापू म्हणाले.

बसले. मी ह्यांना टाकून दिलं असं वाटलं. सगळ्या जगाचा राग आला, डॉक्टरीणबाईंचा सगळ्यात जास्त. बापू मात्र बोलत राहिले. पेठेतल्या पोरांनी परवा कशी मॅच घालवली, पेनल्टी कशी वर मारली, त्यापेक्षा आपण म्हातारे उतरलो असतो तर बरं. ह्यांच्याशी कुणी पुरुष माणूस फुटबॉल बोलून किती वर्षं झाली होती! मित्र पहिल्या महिन्यात आले, मग सणावारी आले, मग आलेच नाहीत. साबण लावायची वेळ आली तेव्हा गळ्यातल्या इष्टलिंगाशी बापूंचा हात थांबला. त्यांनी मला विचारलं नाही, ह्यांनाच विचारलं, "हे अंगावरनं काढत न्हाईत न्हवं?" आणि साबणाचं पाणी लागू नये म्हणून लिंग आपल्या मुठीत झाकून धरलं, दुसऱ्या हातानं छाती धुतली. ह्यांनी मारायला उचललेला हात खाली घेतला आणि बापूंच्या त्या मुठीवर ठेवला. तसाच ठेवला, पाणी ओतून होईपर्यंत. मी खुर्चीतून बघत होते. मला त्या वेळी जे वाटलं ते मी शब्दांत सांगणार नाही, सांगता येणारही नाही. पूजा मी एवढी वर्षं केली होती, पण लांब बसून ती होताना कधी बघितली नव्हती.

हे सगळं सुरळीत चाललं असं नाही. चौथ्या रविवारी मी खेट्याला गेले नाही, तेव्हा आक्का कोडोलीहून आल्या आणि दारातच त्यांना बापू दिसले, ह्यांचं डोकं पुसत. "हे कोण परकं माणूस? लिंगायताच्या अंगाला कुणीबी येऊन हात लावायचा व्हय? आणि खेटा अर्ध्यात टाकलास म्हणं! दादाला काय झालं म्हंजे?"

मी खुर्चीतून उठले नाही. हात मांडीवरच होते. म्हणाले, "आक्का, नवस तुम्ही बोललासा आणि पाय माझे लावलासा. तुमचे पाय बी धड हायत. माझं शरीर मोडलंय. ते मोडून दादा चालणार असता तर इतक्यात पळाय लागला असता. मी आपरेशन करून घेणार. देवाला काय सांगायचं ते मी सांगितलंय. तो काय बोललेला न्हाय, तुम्ही कशाला बोलतासा?"

आक्का भिंतीला टेकून बसल्या आणि रडू लागल्या. लहानपणी ह्याच भावाला त्यांनी कडेवर वाढवला होता. त्यांच्या ओरडण्याच्या तळाशी नुसती भीती होती, हे मला त्या दिवशी दिसलं. मी समजूत घालायला गेले नाही. थोड्या वेळानं त्या स्वतःच उठल्या, आत गेल्या आणि बापूंसाठी चहा टाकला. परक्या माणसाला देतात तसा कपात नाही, घरची माणसं पितात त्या मोठ्या वाटीत दिला. पुढल्या माघात त्या वडापनं जोतिबाला जाऊन आल्या. मला काही म्हणाल्या नाहीत.

ऑपरेशन झालं. निपाणीहून मुलगी आली होती, ती माझ्यापाशी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या दवाखान्याच्या खिडकीतून ऊन माझ्या अंगावर आलं आणि मला कळेना की मी अजून झोपून कशी. भर उन्हात, सगळं जग कामाला लागलेलं असताना, मी झोपले होते आणि कुणी "ए" म्हणालं नव्हतं. भीती वाटली. मुलीला म्हटलं, घरी फोन लाव. पलीकडून शालन म्हणाली, "जेवलंय, मुतलंय, झोपलंय. तू बी झोप." मी फोन ठेवला आणि झोपले.

घरी आले तेव्हा माझी कॉट ह्यांच्या कॉटसमोर टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशाला टेकून बसले होते, शालननं चहाचा कप हातात दिला होता. ह्यांचं डोकं उशीवरून घसरलं, मान वाकडी झाली. माझ्याकडं बघून म्हणाले, "ए."

माझे हात उठले. कप हिंदकळला. मी कप बाजूला ठेवला आणि हात परत मांडीवर घेतले. "मला उचलायचं नाही सांगितलंय," मी म्हणाले. "तुम्ही ऐकलंय." ते बघत राहिले. डोळ्यांत राग आला, मग पाणी आलं, मग नुसतं बघणं राहिलं. मीही नजर हटवली नाही. आतून सगळं तुटत होतं, पण नजर हटवली नाही. मग त्यांनी तोंड दाराकडं फिरवलं. ओठ मिटले, उघडले, परत मिटले. डाव्या गालाची शीर ताणली. इतक्या वर्षांनी आता नवा शब्द येणार नाही असं सगळ्यांनी सांगून टाकलं होतं.

"बा... पू."

अंगणात बादली भरत होते ते बापू. बादली कलंडल्याचा आवाज आला. ओल्या हातांनी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुणी हाक मारली?"

मी ह्यांच्याकडं बोट दाखवलं. ह्यांनी माझं नाव धडधाकट असतानाही कधी घेतलं नव्हतं, आमच्याकडं ती पद्धतच नाही, आणि आता वाचा आली ती एसटीच्या ड्रायव्हरच्या नावानं. मला मत्सर वाटला, हसू आलं आणि रडूही आलं, सगळं एकदम. बापू पुढं होऊन मान सरळ करत होते, काहीतरी बडबडत होते.

ह्यांना अजून चालता येत नाही. नवस तसाच पडून आहे आणि माझं जोतिबाशी भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. सोसत राहणं म्हणजे शरण जाणं, असं ज्यांनी मला शिकवलं त्यांच्यापैकी कुणीही माझ्या घरी बादली भरायला आलं नव्हतं. जे आले त्यांनी मला खाली बसायला सांगितलं. एवढं सोपं काम मला सगळ्यात अवघड गेलं, आणि ते करून घेणाऱ्याला मी देव म्हणते, मग तो डोंगरावर असू दे, दवाखान्यात असू दे. आता माघातल्या रविवारी मी कुणाच्या तरी आजारी माणसापाशी बसते, म्हणजे त्या घरची बाई खेट्याला जाऊ शकते, नाहीतर झोपू शकते. तिला हवं ते तिनं करावं, मी विचारत नाही.

पण त्या सकाळचं सांगते. बापूंनी ह्यांना बसवलं, पाठीला उशी लावली. मी बाजूला ठेवलेला कप उचलला. चहा अजून गरम होता. कितीतरी वर्षांत मी चहा गरम असताना प्यायले नव्हते. पहिला घोट घेतला आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, चांगभलं.